सिटी, व्हर्टस, व्हर्ना की हायरायडर? मागच्या सीटवरून केलेली तुलना

साताऱ्यात घर, पुण्याला कामाच्या फेऱ्या, मधूनच वाई-महाबळेश्वर आणि गाडीत आई-वडील असणारच. अशा घराला वीस लाखांच्या आतबाहेर ‘जरा आरामाची, आतून भारी’ गाडी हवी असली की साधारण चार नावं निघतात. होंडा सिटी, फोक्सवॅगन व्हर्टस किंवा तिची सख्खी बहीण स्कोडा स्लाविया, ह्युंदाई व्हर्ना, आणि सेडान नकोच असेल तर टोयोटाची उंच एसयूव्ही, हायरायडर. चारही चांगल्या आहेत. फरक पडतो तो मागे कोण बसणार यावर. शोरूममध्ये आपण स्टिअरिंगसमोर बसतो, स्क्रीन चाळतो, फार तर एसी लावून बघतो. मागची सीट घरच्यांच्या वाट्याला येते ती थेट कंदी पेढे वाटायच्या दिवशी.

व्हर्टस आणि स्लाविया चाकणला एकाच ठिकाणी बनतात, आतलं यंत्र एकच, त्यामुळे दोघींचा विचार एकत्रच करू. दार लावल्यावर येणारा भरीव आवाज आणि हायवेवरची पकड, या दोन गोष्टींवर ही गाडी विकली जाते आणि त्यात खोटं काही नाही. आनेवाडीचा टोलनाका सोडून वेग धरला की गाडी रस्त्याला चिकटून चालते, बाजूनं ट्रक गेला तरी हलत नाही. गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत 2023 साली दोघींना मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही पाच तारे मिळाले. एक लिटरचं टर्बो (हवा दाबून भरून ताकद वाढवलेलं) इंजिन 115 पीएसचं (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती), दीड लिटरचं 150 पीएसचं. चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन खंबाटकी चढायचा असेल तर लिटरवालं पुरतं, पण तीन सिलिंडरची घरघर चढावर मागे ऐकू येते. दीड लिटरचं शांत आहे आणि चढ त्याला जाणवतच नाही, फक्त त्यासाठी खिसा आणखी सैल करावा लागतो.

आतल्या दर्जाबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. बटणं, स्टिअरिंग, सीटची शिलाई झकास. पण डॅशबोर्डावर बोटानं टकटक केली तर बरंचसं प्लॅस्टिक टणकच निघतं. मागे दोघांनी बसावं. सीटला दोन खोलगट जागा दिल्यात आणि मधे पायाशी उंचवटा आहे, त्यामुळे तिसरा माणूस शिरवळ येईपर्यंत कुरकुरायला लागतो. सस्पेन्शन थोडं कडक आहे. वेगात त्याचा फायदाच होतो, पण गावातल्या खड्ड्यांत ते वडीलधाऱ्यांच्या कमरेला कळतं. गाडी जमिनीपासून 179 मिलिमीटर उंच आहे, तेव्हा गावाकडचे बेहिशेबी स्पीडब्रेकर सेडान असूनही निभावतात.

सिटीचं सगळं याच्या उलट. चालवणाऱ्याला ती थोडी मवाळ वाटेल, मागे बसणाऱ्याला आवडेल. पाय लांब करायला जागा, सीटची पाठ योग्य कोनात, मांडीला आधार, आणि तिसरा माणूसही त्यातल्या त्यात बरा बसतो. दीड लिटरचं 121 पीएसचं चार सिलिंडरचं इंजिन सपाटीवर इतकं गुळगुळीत चालतं की सिग्नलला ते चालू आहे का बंद हे बघावं लागतं. टर्बो नसल्यामुळे ताकद मात्र वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरवल्यावरच येते. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली) ऑटोमॅटिक घेऊन पसरणी घाटात जोरात पाय दाबलात तर इंजिन ओरडतं आणि गाडी तिच्या सवडीनं चढते. हळूवार चालवणाऱ्याला हे कधी खटकणारही नाही. जमिनीपासून उंची 165 मिलिमीटर, म्हणजे शेतावरच्या रस्त्याला पाच माणसं घेऊन जाताना जपून.

सिटीची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेली, ही या यादीतली सगळ्यात शांत गाडी. पोवई नाक्याच्या गर्दीत ती बहुतेक वेळ विजेवरच सरकते, आवाज येतो तो बाहेरच्या हॉर्नचा. मोटरचा जोर 253 न्यूटन मीटर असल्यामुळे घाटाची सुरुवातही सहज होते. लांब चढावर बॅटरी उतरली की इंजिन जागं होतं आणि शांतता तेवढ्यापुरती संपते. पाचगणीहून वाईला उतरताना स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी मोटरचा ब्रेक वाढवता येतो, ब्रेकही वाचतात आणि बॅटरीही भरते. कंपनीचा मायलेजचा आकडा 27 च्या वर आहे, घाटात तेवढं कुणालाच मिळणार नाही. बॅटरी डिकीची बरीच जागा खाते. साध्या सिटीत 506 लिटरची डिकी मिळते, हायब्रिडमध्ये लग्नाला निघालेल्या घराच्या बॅगा मांडीवर येतील. आणि एवढे पैसे मोजूनही हवेशीर सीट नाहीत. एप्रिलमध्ये पाठीला घाम फुटला की व्हर्टस आणि व्हर्नाची ती सोय आठवते, अर्थात तीही फक्त पुढच्या दोघांनाच.

व्हर्ना दिसायला सगळ्यात श्रीमंत. दोन मोठ्या स्क्रीन, एडीएएस (धोका दिसला की चालकाला सावध करणारी, मदत करणारी यंत्रणा), 528 लिटरची डिकी, 160 पीएसचं टर्बो इंजिन, 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. शोरूममध्ये मुलं हिच्यातच अडकतात. पण छत मागे उतरतं आहे. उंच माणसाचं डोकं वर टेकतं आणि आत शिरताना वाकावं लागतं. घरात कुणी पावणेसहा फुटांच्या वर असेल तर त्यालाच मागे बसवून बघा, बाकी चर्चा वाचेल. घरी चौघंच असतील, मुलं लहान असतील, तर व्हर्नाला नाव ठेवायला फारशी जागा नाही.

आता गुडघ्यांचं. सेडान कुठलीही घ्या, सीट खालीच असते. बसताना माणूस खाली सोडला जातो आणि उठताना दाराची कड धरून उठतो. आईचे गुडघे दुखत असतील तर वरच्या तिन्ही गाड्या बाजूला ठेवा, मऊ सीट आणि शांत केबिन त्या एका हालचालीपुढे फिकी आहे. हायरायडरची सीट साधारण कमरेच्या उंचीला येते, नुसतं टेकून आत वळायचं. मागच्या सीटची पाठ थोडी कलती करता येते, पुण्यापर्यंतच्या झोपेला ते फार उपयोगी. हायब्रिड घेतली तर गावात तीही विजेवर चालते. हिचं इंजिन मात्र एक लिटरच्या व्हर्टससारखं तीन सिलिंडरचं, यवतेश्वरच्या चढाला ते रडकं वाटतं आणि सिटीच्या शांततेची सर त्याला येत नाही. डिकीही आखूड. उंच गाडी वळणावर थोडी झुलते, म्हणून ज्या मुलांना गाडी लागते त्यांना या बाबतीत सेडानच बरी.

माझा कौल विचाराल तर आई-वडील धडधाकट असतील तर साधी सिटी, पैसे जास्त असतील आणि सामान कमी असेल तर हायब्रिड. आठवड्याला पुणे गाठणाऱ्या आणि स्वतः चालवायची हौस असणाऱ्यानं दीड लिटरची व्हर्टस घ्यावी, घरचे दोन दिवस बोलतील. गुडघेदुखी असेल तर हायरायडर.

टेस्ट ड्राइव्ह पोवई नाका ते राजपथ एवढीच देतात, ती नाकारा. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून या आणि उतरताना स्वतः मागे बसा. आतला रंग ठरवताना पावसाळा डोळ्यांसमोर ठेवा. कास-महाबळेश्वरची तांबडी माती फिकट सीटवर बसली की निघता निघत नाही. काळ्या सीट उन्हात तापतात, पण पुसल्या की झालं.

किमतीसाठी जुने व्हिडिओ बघू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून या लांबीच्या गाड्यांना सेस (जीएसटीवरचा जादा कर) नाही, सरळ 40 टक्के जीएसटी आहे आणि आकडे बदललेत. आपल्याकडे महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा रोड टॅक्स दहा ते वीस लाखांपर्यंत 12 टक्के आणि त्यावर 13 टक्के, म्हणून हायब्रिडचं वरचं मॉडेल वीसच्या अलीकडे आहे की पलीकडे ते कोटेशनमध्येच बघून घ्या. आणि सर्व्हिसिंग साताऱ्यात होतं की गाडी पुण्या-कोल्हापूरला न्यावी लागते, हे सेल्समनला विचारू नका. ज्याच्याकडे तीच गाडी तीन वर्षं आहे असा एमएच-11 वाला, म्हणजे सातारा पासिंगवाला गाठा.