गाडीत बारा महिने राहणारी रायफल : १४ महिन्यांच्या वापरानंतर

टेक्ससमधल्या किंबल काउंटीत, जंक्शन गावापासून थोडं आत, आमची १८० एकर जमीन आहे. बोअर आणि स्पॅनिश मिळून शंभरेक शेळ्या, राखणीला दोन ग्रेट पिरेनीज कुत्रे, बाकी सगळं चुनखडीचे उंचवटे, सीडरची दाट झुडपं आणि निवडुंग. दोन वर्षं आम्ही बंदुकीशिवाय काढली. दुसऱ्या वर्षी विण्याच्या हंगामात कायोटींनी (कोल्ह्या-लांडग्यासारखं इथलं रानटी जनावर) अकरा करडं नेली, तेव्हा रायफल घ्यायचं ठरलं. एकच घ्यायची आणि तिनेच सगळी कामं करायची, ही अट होती. आज तिला चौदा महिने झाले.

अमेरिकेत असलेली आपली माणसं विचारतात म्हणून आधी कायद्याचं सांगते. ग्रीन कार्ड असेल तर दुकानातून रायफल घेता येते. ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, त्यात आपला एलियन नंबर लिहायचा, मग दुकानदार पार्श्वभूमीची तपासणी करतो. एच-१बीसारख्या व्हिसावर मात्र बंदूक बाळगायलाच बंदी आहे. त्याला वैध शिकारी परवान्यासारखे थोडेच अपवाद आहेत. मित्राची रायफल नुसती हातात घेऊन निशाण्यावर झाडायची असली तरी हा नियम लागतो, त्यामुळे व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा.

बंदूक मला अगदीच परकी नव्हती. आमचं मूळ गाव सिंधुदुर्गात. आजोबांकडे पीक संरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. वायंगणी भात पोटरीला आलं की ते राखणीला मांगरात झोपायला जात, आणि मला सोबत यायचं असायचं. दारू, काथ्याचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गज घालून ठासणं. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुकरं शेत ओलांडून गेलेली असत. आजोबा बार काढायच्या आधी नेहमी पलीकडच्या वाडीतले दिवे बघायचे. ती सवय माझ्यात तशीच उतरली, आणि इथे रायफल निवडताना कुठल्याही आकड्यापेक्षा तिचाच जास्त उपयोग झाला.

निवडताना मी चार प्रकार हाताळले. शेजारचे म्हातारे राँचवाले .३०-३० च्या लीव्हर अॅक्शनवर जीव टाकतात, म्हणजे चापाखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या रायफलीवर. .३०-३०, .३०८, .२२३ ही काडतुसांची नावं. .३०-३० हे १८९५ सालचं. १७० ग्रेनची (सुमारे अकरा ग्रॅमची) गोळी सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने निघते, आणि शंभर-सव्वाशे वारांच्या आत डुकराला ती आजही पुरून उरते. रायफल चपटी असते, सीटमागे बिनबोभाट मावते. मला ती खरंच आवडली होती. पण आमच्या टेकड्यांवर कायोटी दीडशे-दोनशे वारांवर उभा राहतो, आणि तिथवर ही गोळी बरीच खाली येते. दुसरी .३०८. ताकद भरपूर, पण दुकानात होती ती २४ इंची नळीची, आणि धक्का असा की पाचव्या गोळीला मी डोळे मिटायला लागले. तिसरी एआर, म्हणजे दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल. आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक घरांत तीच आहे, आणि डुकरांच्या कळपावर लागोपाठ गोळ्या झाडायच्या तर तिच्यासारखी दुसरी नाही. चौथी म्हणजे .२२३ ची आखूड बोल्ट अॅक्शन : हाताने बोल्टचा दांडा मागे-पुढे ओढून काडतूस भरायचं, सोळा इंची नळी, एकूण लांबी तीन फूट, वजन स्कोपसकट (नेम धरायच्या दुर्बिणीसकट) सव्वातीन किलोच्या आसपास. मी ही घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या मापाची रायफल तीन-चार कंपन्या बनवतात आणि माझं म्हणणं मापाबद्दल आहे.

एआर सोडून बोल्ट का, हा प्रश्न नवऱ्यानेही विचारला होता. कारण एवढंच की बोल्ट मागे ओढला की आत काडतूस नाही हे मला दिसतं, आणि गाडीत शेजारी बसलेल्या माणसालाही दिसतं. दिवसातून पंधरा वेळा गेट उघडायला उतरायचं, कुंपण ओलांडायचं, हातात खाद्याची पोती, पायात कुत्रे. अशा कामात रायफल नेहमी रिकाम्या चेंबरने हिंडते, म्हणजे नळीमागच्या, गोळी उडायच्या जागेत काडतूस नसतं. मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं. लागली की बोल्ट पुढे सारायचा, त्याला दोन सेकंद पुरतात. चौदा महिन्यांत त्या दोन सेकंदांमुळे एकही जनावर हातचं गेलं नाही.

राँचवरच्या रायफलीचं आयुष्य गाडीत जातं. शिकाऱ्याची रायफल वर्षाकाठी दहा दिवस बाहेर निघते. आमची वर्षभर कॅलिचीच्या, म्हणजे चुनखडीच्या चुऱ्याच्या, रस्त्यावर हादरे खाते. ही पांढरी धूळ पिठासारखी असते. बोल्टला भरपूर तेल लावलं की ती तेलात कालवली जाते आणि महिन्याभरात बोल्ट करकरायला लागतो. आता मी बोल्ट कोरडाच ठेवते, लॉकिंग लग्जना (बोल्ट अडकवून धरणाऱ्या दातांना) फक्त ग्रीसचं बोट लावते, आणि नळीच्या तोंडावर विजेच्या कामाची चिकटपट्टी असते. पट्टीमुळे नेम हलत नाही, मी कागदावर झाडून खात्री करून घेतली आहे. मॅगझिनचा खटका मात्र या रायफलीची खरी उणीव आहे. तो बाहेर आलेला आहे, सीटच्या कडेला घासून दोनदा दाबला गेला, आणि एकदा मॅगझिन गवतात पडलं ते मला अर्ध्या तासाने सापडलं. दुकानात बघाल तेव्हा रायफल मांडीवर आडवी घेऊन, गाडीत बसल्यासारखं बसून बघा. हा दोष तिथेच कळला असता.

सगळ्यात महागात पडली ती मात्र स्कोपची माउंट, म्हणजे तो रायफलीवर बसवायची पकड. सप्टेंबरमध्ये पाणवठ्यावर एक मोठा डुक्कर सत्तर पावलांवर आडवा उभा होता. मी गुडघ्यावर बसून, कुंपणाच्या खांबाला टेकून, सावकाश चाप ओढला. तो तसाच निघून गेला. मी दोन तास झुडपांत रक्त शोधत हिंडले, जखमी करून सोडलं की काय या विचाराने रात्री झोप आली नाही. सकाळी शंभर वारांवर कागद लावला, तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एकमेकींना चिकटून, पण मध्यापासून सात इंच उजवीकडे. रायफलीची काही चूक नव्हती. कॅलिचीच्या हादऱ्यांनी माउंटचे दोन स्क्रू सैल झाले होते, मागचा तर बोटाने फिरत होता. दुकानात बसवून दिलं म्हणून मी कधी हात लावून पाहिला नव्हता. मग सगळं उतरवलं, स्क्रू स्पिरिटने पुसले, स्क्रू सैल होऊ न देणारं निळं थ्रेडलॉकर लावलं, माउंटच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच टॉर्क रेंचने आवळले, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून माउंटवर नखपॉलिशची एक रेघ ओढली. स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसते. दर रविवारी ती रेघ बघते आणि महिन्यातून एकदा कागदावर दोन गोळ्या झाडते. त्यानंतर नेम हललेला नाही.

कायोटीचं एकच सांगते. फेब्रुवारीत, शेळ्या विण्याच्या ऐन दिवसांत, पहाटे कुत्रे एका जागी उभे राहून भुंकत होते. वर कड्यावर कायोटी उभा, मागे नुसतं उजळत चाललेलं आकाश. अंतर एकशे तीस वार, वारा नाही, स्कोपमध्ये त्याचे कानसुद्धा दिसत होते. पण त्याच्या मागे माती नव्हती. .२२३ ची गोळी चुकली तर दोन मैल जाऊ शकते, आणि त्या कड्यापलीकडे शेजाऱ्यांचं घर आहे. मी खटका सेफवर ठेवून थांबले. सात-आठ मिनिटांनी तो ओहोळात उतरला, मागे लाल मातीची दरड आली, तेव्हा झाडली. तो जागेवरच पडला. आमच्याकडे चुनखडी इतकी वर आहे की जमिनीकडे झाडलेली गोळीसुद्धा दगडावरून उडते. त्यामुळे दरड कुठे मऊ आहे, कुठून कुठे झाडायचं नाही, हे आम्ही दिवसाउजेडी चालत जाऊन बघून ठेवलंय.

आता जवळचं काम. याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. राँचवर रायफलीला सगळ्यात वाईट काम पडतं ते स्वतःच्या जनावरावर. मे महिन्यात आमची एक जुनी शेळी कुंपणाच्या जाळीत अडकून मागचा पाय आणि कंबर मोडून बसली. डॉक्टर दीड तासाच्या अंतरावर, आणि ती ओरडत होती. जागा कोणती आणि नळीचा रोख कुठे, हे आमच्या पशुवैद्यांनी आधीच दाखवून ठेवलं होतं. एक गोष्ट मात्र मला रायफल शिकवणाऱ्या शेजारणीने सांगितली होती, तिच्यामुळे त्या दिवशी काम एका गोळीत झालं. स्कोप नळीच्या दीड इंच वर असतो. शंभर वारांवर नेम जुळवलेला असला तरी चार पावलांवर गोळी स्कोपमधल्या फुलीच्या जवळजवळ दीड इंच खाली लागते. शेळीच्या डोक्यावर दीड इंच म्हणजे सगळंच. दस्त्यावर मी एक चिठ्ठी चिकटवली आहे : चार पावलं, दीड इंच खाली, शंभर वार, बरोबर, दोनशे वार, चार इंच खाली. ही माझ्या रायफलीची, माझ्या ५५ ग्रेनच्या काडतुसाची मापं आहेत, तुम्ही आपली स्वतः काढा.

डुकरांसाठी ही रायफल जेमतेम आहे. टेक्ससमध्ये त्यांची संख्या वीस लाखांच्या वर धरतात, आणि २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने त्यांना मारायला शिकारी परवाना लागत नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड कूर्चेची ढाल असते. तिथे ५५ ग्रेनची हलकी, फुटणारी गोळी मी झाडत नाही. डुकरांसाठी ६२ ग्रेनची बाँडेड (सहजी न फुटणारी) गोळी वेगळ्या मॅगझिनमध्ये ठेवते, नेम कानामागे, आणि शंभर वारांच्या आतच. कळपावर तर पहिल्या गोळीनंतर बाकीचे झुडपात जातातच. कळप संपवायचा असेल तर पिंजरा लावा, आम्ही तेच करतो.

आणि चितळ. होय, आपलेच चितळ. १९३२ मध्ये टेक्ससात आणलेल्या कळपांची पिल्लावळ आता या डोंगरांत मोकळी फिरते आणि आमच्या शेळ्यांचं गवत खाते. पहिल्यांदा संध्याकाळी त्यांची हाक ऐकली तेव्हा मी हातातली बादली खाली ठेवून उभीच राहिले. त्यांना बंद हंगाम नाही, परवाना मात्र लागतो. मटणाला आम्ही वर्षातून एक घेतो, पण या रायफलीने नाही. दीड-दोनशे पौंडांच्या नरासाठी मी शेजाऱ्यांची .३०८ मागून आणते.

काडतुसांचा मुद्दा साधा आहे. जंक्शनमधल्या चारा-खाद्याच्या दुकानात .२२३ नेहमी असते, .३०-३० ऑक्टोबरात संपते, बाकीचं मागवावं लागतं. स्वस्त असल्यामुळे मी सराव करते, आणि सराव होतो म्हणून नेम लागतो. आवाज मात्र फार आहे. सोळा इंची नळीतून तो कानशिलावर आदळतो, म्हणून कानाचं कव्हर रायफलीच्या पट्ट्यालाच अडकवलेलं असतं. रायफल गाडीत असली की कुलूपबंद रॅकमध्ये, रात्री घरात तिजोरीत, काडतुसं वेगळी. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, आणि निष्काळजीपणामुळे १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर टेक्ससात तो गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी तशीच ठेवली असती.

पुन्हा घ्यायची झाली तर हीच लांबी, हेच काडतूस घेईन. स्कोपवरचे शंभर डॉलर कमी करून ते माउंटवर घालीन, आणि मॅगझिनचा खटका आत बसलेला बघेन. या हंगामात आतापर्यंत बेचाळीस करडं झाली आहेत, कायोटीने नेली ती दोन. त्यातलं बरंचसं श्रेय त्या दोन कुत्र्यांचं आहे. ते रात्रभर जागे असतात, रायफल मी पहाटे उचलते.