एन-बॉक्स की तांतो? एकीने टाकी हलवली, दुसरीने खांब

टोकियोत निशि-कासाईला राहणारी आपली मंडळी घरात बाळ आलं की हमखास विचारतात: होंडाची एन-बॉक्स घ्यावी की दायहात्सूची तांतो? त्यातून पुण्याहून आईबाबा यायचे असतील, तर प्रश्न आणखी निकडीचा.

बाहेरची मापं बघून काहीच ठरणार नाही. दोन्ही केई, म्हणजे जपानातल्या सर्वात छोट्या गाड्यांच्या वर्गातल्या. 3.4 मीटर लांबी, 1.48 मीटर रुंदी आणि 660 सीसी, यापुढे जायला कायद्याची परवानगीच नाही. त्यामुळे खरी कसोटी आतली वीतभर जागा काढण्याची.

होंडाने पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली सरकवली. ही युक्ती 2001च्या फिटमधली, म्हणजे आपल्याकडच्या जॅझमधली. 2011च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या एन-बॉक्सपासून ती कायम आहे. टाकी पुढे गेल्याने मागच्या सीटखाली पोकळी उरते. बैठक थिएटरातल्या खुर्चीसारखी वर उचलली की उंच कुंडी उभीच्या उभी राहते. पाठ पाडली तर सीट खाली बसते आणि 27 इंची सायकल आत जाते. जूनच्या पावसात मुलाला सायकलसकट स्टेशनवरून घरी आणायचं असेल, तेव्हा या टाकीचं मोल कळतं.

तांतोने 2007 साली वेगळंच धाडस केलं. डाव्या बाजूच्या दोन दारांमधला खांबच काढला. म्हणजे खांब आहे, पण दारांच्या पोटात. दारं मिटली की तो छताला आणि तळाला घट्ट अडकतो. 2019च्या पिढीत दोन्ही दारं उघडल्यावर जवळजवळ दीड मीटरची वाट मिळते. जपानातही आपल्यासारखंच डावीकडून चालतात, म्हणून ही वाट बरोबर फुटपाथकडे उघडते. गुडघे दुखणारी आई आधी टेकते, मग पाय आत घेते. त्या वळणात गुडघा खांबावर आपटत नाही. झोपलेलं बाळ खांद्यावर आणि छत्री हातात असली तरी सरळ आत शिरता येतं. काही व्हेरिअंटमध्ये ड्रायव्हरची सीट 54 सेंटिमीटर मागेपुढे होते, त्यामुळे बाळाला मागे बांधून आतल्या आतच स्टिअरिंगपर्यंत येता येतं. मला ही कल्पना मनापासून आवडते.

चालवायला एन-बॉक्स जास्त स्थिर वाटते. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तिचं 2520 मिलिमीटर, तांतोचं 2460. टोकियोजवळच्या डोंगराळ हाकोनेच्या चढावर चौघं बसून जाणार असाल तर कुठलीही घ्या, पण जास्त जोराच्या टर्बो इंजिनाचीच घ्या.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. 2023च्या डिसेंबरात दायहात्सूच्या सुरक्षा-चाचण्यांमधले गैरप्रकार उघड झाले आणि कंपनीने सगळ्या मॉडेलांची रवानगी थांबवली. पुढे ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मनात किंतु असेल, तर तेवढ्यावरून एन-बॉक्स घेणं मला चूक वाटत नाही.

आईबाबा वर्षातले काही महिने तुमच्याकडे राहणार असतील तर मी तांतो सांगेन, एरवी एन-बॉक्स. मात्र आधी घरचं पार्किंग बघा. तांतोची ती मोठी वाट पुढचं दार सताड उघडल्यावरच मिळते. डावीकडे भिंत किंवा शेजाऱ्याची गाडी खेटून असेल, तर हाती उरतं एकटं सरकतं दार, आणि ते एन-बॉक्सलाही आहे.