सांगलीत अर्काच्या ‘चाचणी’ला ₹14,600 गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हे लिहिणार नव्हतो. सून म्हणाली, “बाबा, लाज त्यांना वाटू द्या.” म्हणून लिहितोय.

विश्रामबागेत एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. “आमचं औषध घ्या” असलं काही नाही. वनस्पतींच्या अर्काची माणसांवर चाचणी चालू आहे, निवडक मधुमेही हवेत, अर्क मोफत, फक्त ₹9,500 अनामत, तीन महिन्यांनी परत. नोंदणीचे ₹750 वेगळे. शेजारी मिरज, दवाखान्यांचं गाव. इथं कुणी संशोधन म्हटलं तर संशय कशाला येईल? भिंतीवर उंदरांवरच्या प्रयोगांचे तक्ते. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून मधुमेह केलेले उंदीर, एका गटाला अर्क, दुसऱ्याला ग्लिबेनक्लामाइड, म्हणजे मधुमेहाचं नेहमीचं औषध. असे प्रयोग खरोखर होतात, यांची खुबी तीच. पण उंदराची साखर उतरली म्हणून आमच्या हिची उतरेल, असं त्या तक्त्यांत कुठं होतं?

मग गुडमारचं पान चावायला दिलं, बेडकीचा पाला म्हणतात तो. वर चिमूटभर साखर. गोड लागेचना, नुसती रवाळ! सगळे थक्क. पुतणी फार्मसी शिकतेय, तिनं नंतर सांगितलं की या पानामुळं जिभेला थोडा वेळ गोड कळत नाही, एवढंच. रक्तातल्या साखरेबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

आता जे आठवून अजून अंगाची लाही होते ते. पहिल्या दिवशी आल्या आल्या सगळ्यांना चहा आणि शिरा. आग्रह करकरून. मग बोटातलं रक्त घेतलं, हिची साखर 231. पुढच्या वेळी निरोप आला, “सकाळी उपाशीपोटी या.” तेव्हा 148. टाळ्या! “बघा अर्काचा गुण.” अहो, शिरा खाल्ल्यावरची साखर आणि उपाशीपोटीची साखर एका तराजूत घालतात का? मी हयातभर हळदीच्या पेठेत आडतीचे हिशेब लिहिले. ओल्या मालाचं वजन दाखवून वाळल्याचा भाव मागणारा मी दारातून परत पाठवला असता. पण ही किती दिवसांनी हसत होती. त्या टाळ्यांत उठून “शिरा कशाला चारलात?” असं तुम्ही विचारलं असतं?

त्याच भरात ‘वाढीव मात्रे’च्या तीन बाटल्या घेतल्या, ₹1,450 ला एक, म्हणजे ₹4,350. वर सल्ला, मेटफॉर्मिन अर्धी करा. गोळी कमी करायला सांगणारा तुमचा डॉक्टर नसेल तर तिथून उठाच. आमच्या डॉक्टरांनी नंतर एचबीएवनसी काढलं, 7.4 चं 9.1 झालं होतं. ते साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, तिथं शिऱ्याची चलाखी चालत नाही.

अनामत मागायला फोन केला, बंद. पावतीवर अनामत हा शब्दच नाही. “हर्बल रस. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.”

पोलीस म्हणाले, माल घेतलाय, पावती आहे, दिवाणी बाब. औषधांचं बघणाऱ्या कार्यालयात गेलो तर बाटलीवर औषध असं लिहिलेलं नाही, हे अन्न झालं. अन्नवाल्यांकडं गेलो तर मधुमेहाचा दावा आहे ना, मग हे औषध. एका जिन्यानं वर, दुसऱ्यानं खाली. जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर 1954 चा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे. छापील जाहिरात कुठाय, म्हणून विचारलं. त्या कायद्यात तोंडी घोषणाही जाहिरातच धरलीय, हे मी वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, लेखी अर्ज द्या. माझा अर्ज त्यांच्या कोपराखाली होता! आमच्यासारख्यांनी हेलपाटे घालून थकावं हीच यांची कार्यपद्धती दिसते.

आणि हो, खऱ्या चाचणीत रुग्णाकडून अनामत घेत नाहीत. चाचणीला मंजुरी देणारी नैतिकता समिती कोणती ते विचारा. सीटीआरआयचा, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या देशातल्या नोंदवहीचा, क्रमांक मागा. चाचणीची ही नोंदणी 2009 पासून सक्तीची आहे आणि संकेतस्थळावर कुणालाही शोधता येते. क्रमांक विचारल्यावर कुणी चहा पुढं केला तर समजून जा.

₹5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तिथं तक्रार तयार करतोय. परवा तासगावच्या स्टँडजवळ तसाच फलक दिसला. नाव बदललंय, फोटोतली माणसं तीच, अनामत आता ₹11,000. फोटो काढून आणलाय, तक्रारीला जोडणार आहे.