नाव ५जी, फोन ४जी: माझे २७,२५० रुपये

सहा महिने लाजेपोटी घराबाहेर ओळखीत कुणाला बोललो नाही. आज लिहितोय, कारण परवा आमचा शिपाई, मला ज्यानं फसवलं त्याच दुकानातून फोन घ्यायला निघाला होता.

मी पतसंस्थेत कॅशियर आहे. बावीस वर्षं नोटा आणि सह्या तपासतोय. खोटी सही मला लांबून कळते. त्यामुळे 'शिकलेली माणसं कशी फसतात' हे कृपया मला ऐकवू नका, घरात रोज ऐकतोय.

फोन होता सॅमसंगचा गॅलेक्सी एस२० एफई. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्याकडे आला तेव्हा ४९,९९९ रुपयांचा. आत एक्सिनॉस ९९० चिप, ५जी नाही. सुरुवातीला टचच्या तक्रारी आल्या, कंपनीनं अपडेटवर अपडेट काढले. मी घेतला नाही. पहिल्या लॉटचा माल घ्यायचा नाही, हा वडिलांचा स्कूटरच्या काळापासूनचा दंडक. मग मार्च २०२१ मध्ये स्नॅपड्रॅगन ८६५ आणि ५जीवाला आला. मला तोच हवा होता, फक्त किंमत उतरायची वाट बघत होतो. मॉडेल नंबर अक्षरशः पाठ होते: जुना एसएम-जी७८०एफ, नवा एसएम-जी७८१बी. पुढं एसएम-जी७८०जी पण आला, त्यात चिप स्नॅपड्रॅगन पण ५जी नाही. तिघांची नावं जवळपास सारखी, समोर ठेवले तर ओळखू येणार नाहीत. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तर जास्त जळतंय.

पुण्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये ५जी आलं. डिसेंबरात पेठेतल्या एका दुकानात 'ओपन बॉक्स, चार दिवस वापरलेला' म्हणून २६,५०० ला ठरला. २०,००० यूपीआयनं दिले, ६,५०० रोख. ('साहेब, तेवढे कॅश द्या, जीएसटीचं झेंगट नको.' आणि मी दिले!) वर काच ३५० आणि कव्हर ४०० रुपये.

मी मॉडेल नंबर बघायचा म्हणालो. म्हणालो होतो, हे लक्षात घ्या. त्यानं बॉक्सच्या बाजूचं लेबल दाखवलं. एसएम-जी७८१बी, स्वच्छ छापलेलं. मग स्वतःच सेटिंगमध्ये जाऊन 'फोनविषयी' उघडलं आणि फोन माझ्यासमोर धरला. वर ठळक अक्षरांत गॅलेक्सी एस२० एफई ५जी. त्याचा अंगठा स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागावर होता. अंगठ्याला चिकटपट्टी बांधलेली, तिच्यावर हळदीचा डाग. सहा महिने झाले तरी तो डाग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, कारण मी त्या डागाकडे बघत बसलो आणि त्याच्या खाली काय आहे ते बघितलं नाही. वरचं नाव कुणीही टाइप करू शकतो. शेजारीच 'एडिट' लिहिलेलं असतं. मी तिथं 'पांडुरंग' लिहिलं तर फोन पांडुरंग होईल. खरा मॉडेल नंबर त्याच्या खाली असतो, तो असा टाइप करून बदलता येत नाही. बॉक्सच्या लेबलाचा एक कोपरा उचललेला होता, तोही दिसला होता मला. किमतीचं स्टिकर असेल म्हणून सोडून दिलं.

घरी ५जी येईना. दुकानदाराला विचारलं तर म्हणे अपडेट यायचंय. आता हे खोटं म्हणायची सोय नव्हती, त्या दिवसांत खऱ्याखुऱ्या ५जी फोनांनाही आपल्याकडे अपडेट आल्यावरच ५जी लागत होतं, पेपरात आलं होतं. म्हणून थांबलो. त्याची 'सात दिवसांत बदलून' ही मुदत संपली, नंतर महिना गेला. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, नेटवर्क मोडच्या यादीत ५जीचा पर्यायच नाहीये." अंगठ्याखालची ओळ मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. एसएम-जी७८०एफ. दोन वर्षं ज्याला टाळलं, तोच. स्टार-हॅश-०६-हॅश दाबल्यावर आलेला आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) आणि लेबलवरचा आयएमईआय, दोन्हींचा काडीचा संबंध नाही. बिलावर आयएमईआयच नाही, नुसतं 'मोबाईल, १ नग'. आयएमईआय नसलेलं बिल म्हणजे रद्दी, हे आता कळतंय.

दुकानदार म्हणाला, आमच्याकडनं गेलेला हा फोन नव्हेच. तरीपण 'तुमचं मन राखायला' ११,००० ला परत घेतो.

चौकीत गेलो. मोबाईलचं आहे ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, दुकानात जाऊन घेतलाय ना, मग चौकीत जा. पुन्हा चौकी. हवालदारांनी बॉक्स हातात घेतला आणि मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत लेबल नखानं खरवडलं. अर्धं फाटलं. खाली जुनं लेबल, त्यावर ७८०एफ. मला वाटलं, सुटलो! तर म्हणतात, "हे वरचं तुम्हीच चिकटवलं नाही कशावरून?" माझा पुरावा माझ्यासमोर फाडून वर मलाच आरोपी केलं. अर्ज घेतला, पोच मागितली तर 'साहेब आल्यावर'. साहेब तीन खेपांत आले नाहीत. तक्रारीच्या एका कार्यालयात दुकानाचा जीएसटी क्रमांक मागितला, तो बिलावर नाही. नसला तर तक्रार पुढं जात नाही म्हणे. म्हणजे ज्यानं नंबर न छापता धंदा केला तो सुरक्षित! सर्व्हिस सेंटरवाल्या मुलीनं तर अभिनंदनच केलं, "सर, फोन ओरिजिनल आहे."

रोख देऊ नका. फोनला काच-कव्हर घालायच्या आधी तो स्वतःच्या हातात घ्या, दुकानदाराच्या हातातला बघू नका. स्टार-हॅश-०६-हॅश फोनवरच दाबा आणि आलेला पंधरा आकडी नंबर इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून, १४४२२ ला एसएमएस करा, कंपनी आणि मॉडेल उत्तरात येतं. एका एसएमएसचं काम हे. मी ते जानेवारीत केलं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करायचं चाललंय. वकील म्हणतो, यूपीआयचे २०,००० सिद्ध होतील, रोखीचे ६,५०० विसरा. काच आणि कव्हरबद्दल विचारायची मला हिंमत झाली नाही.