कमरेच्या आत, पट्ट्यावर की खांद्याखाली? शर्टातून पिस्तूल दिसू नये म्हणून काय घ्यावं

भाच्याचं बंदुकीचं लायसन्स झालं एकदाचं. फाइल फिरून फिरून मेटाकुटीला आला होता बिचारा. पेढे घेऊन घरी आला आणि बसायच्या आधीच विचारतो, मामा, शर्टावरून दिसणार नाही असं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कोणतं घेऊ? मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू, कारण आमच्या ग्वाल्हेरात लोक उलटंच विचारतात, दिसेल असं कसं लावू. इथे बंदुकीचा शौक इतका की २०१९ साली कलेक्टर ऑफिसने सांगितलं होतं, लायसन्स पाहिजे तर आधी दहा झाडं लावा आणि त्यांच्यासोबत फोटो काढून आणा. तरी लाइन कमी झाली नाही.

झाकण्याची गोष्ट फक्त शिस्तीची नाही, कायद्याचीच आहे. २०१६च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन न्यायची तर होल्स्टरमध्ये किंवा तशा बॅगेत, पूर्ण झाकलेली, आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. बाहेर काढून मिरवायला बंदी आहे. आणि आर्म्स ॲक्टच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर लग्नात हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यामुळे वरातीत कमरेला लावून नाचणाऱ्यांनी पुढचं वाचूच नये.

मी दाल बाजारात वसुलीचं काम बघतो, अकरा वर्षं झाली कमरेला आहे, सगळे प्रकार लावून बघितले, पैसेही वाया घालवले, तर जसं आठवतंय तसं सांगतो.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की दिसतं काय. नळी दिसत नाही कधी. नळी खाली पॅन्टमध्ये जाते, मांडीला लागून राहते, तिथे कोण बघतंय. दिसते ती मूठ. मुठीचा मागचा कोपरा शर्टाला तंबूसारखा उचलून धरतो, आणि हे मला कळलं ते बायकोमुळे. एकदा इस्त्रीला कपडे काढताना तिने माझे चार शर्ट एकावर एक ठेवले आणि म्हणाली, हे बघा, चारही शर्ट एकाच जागी विरलेत. उजवीकडे, खिशाच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढी जागा, सूत अगदी जाळीसारखं झालेलं आणि भोवती तेलाचा काळपट डाग. म्हणजे मी समजत होतो कोणाला कळत नाही, आणि शर्टच सांगत होता.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलात इथेच फरक पडतो. आपल्याकडे सामान्य लायसन्सवर ९ एमएम मिळत नाही, तो प्रोहिबिटेड बोर, म्हणजे बंदी असलेलं नळीचं माप, म्हणून बहुतेकांकडे बत्तीस बोरच असतं. रिव्हॉल्व्हरची गोळ्यांची चरखी जाड, ती कमरेपाशी गोल फुगवटा काढते, पण मूठ लहान आणि गोलसर असल्यामुळे शर्टाला टोक येत नाही, लांबून मोबाइल असेल असं वाटतं. पिस्तूल चपटं, अंगाला चिकटून बसतं, पण मुठीत गोळ्यांचं मॅगझिन, त्यामुळे मूठ सरळ आणि लांब, तिचा कोपरा टोचतो. कानपूरची निर्भीक रिव्हॉल्व्हर २०१४ साली आली ती टायटॅनियम अलॉयची, पाचशे ग्रॅमच्या आसपास, आणि जुनी बत्तीसची मार्क थ्री सातशेच्या घरात, हा दोनशे ग्रॅमचा फरक हातात कळत नाही पण संध्याकाळी सातला कमरेला बरोबर कळतो, आणि वजनाने पॅन्ट एका बाजूला उतरली की माणूस ती सारखी वर ओढतो, तेच लोकांच्या लक्षात येतं.

आता कुठे लावायचं. पॅन्टच्या आतलं होल्स्टर आणि पट्ट्यावरचं बाहेरचं, खरी लढत या दोघांतच आहे, बाकीचे सांगतो पण त्यात फार दम नाही.

बाहेरचं आरामाला राजा. चामड्याचं चांगलं शिवलेलं घेतलं तर दिवसभर जाणवत नाही, पॅन्ट नेहमीच्या मापाची चालते, काढणं घालणं सोपं. पण ते अंगापासून अंगठाभर बाहेर राहतं आणि खालचं टोक पट्ट्याच्या खाली लटकतं, म्हणजे झाकायला वरचा कपडा लांबही पाहिजे आणि सैलही. डिसेंबर-जानेवारीत ठीक आहे, आमच्याकडे धुकं पडतं, कोट असतो, जॅकेट असतं, त्याखाली काहीही खपतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा काय घालणार? हात वर केला, दुकानाचं शटर ओढलं, की शर्ट वर आणि होल्स्टरचं बूड बाहेर.

आतलं होल्स्टर टोचतं, घामोळं येतं, पॅन्ट दोन इंच मोठी घ्यावी लागते, पहिले पंधरा दिवस शिव्या घालाल. पण अर्धी वस्तू पॅन्टच गिळून टाकते, वर फक्त मूठ उरते. ती मूठ कुठे वळवायची हा खेळ आहे. पोटाला घड्याळ समजा, बेंबी बारा वाजता, तर उजव्या हाताच्या माणसाने चार वाजायच्या जरा आधी लावायचं आणि मूठ थोडी पुढे झुकलेली ठेवायची, म्हणजे मुठीचा कोपरा बाहेर न जाता बरगडीच्या रेषेत वर जातो. हा झुकाव देता येईल असं क्लिपवालं होल्स्टर घ्या, दोनशे-तीनशे जास्त गेले तरी चालतील. काही लोक एक वाजता, पोटावर लावतात, झाकलं सगळ्यात छान जातं तिथे, पण आपण मांडी घालून बसणारे लोक, पंगतीला बसलात की मूठ बरगडीत आणि नळी कुठे ते मी लिहित नाही. मला नाही जमलं. उभ्याने नोकरी असेल, पोट सपाट असेल, तर बघा.

पाठीच्या मधोमध लावणारेही आहेत. नको. वाकलं की सगळ्यात आधी तेच दिसतं, स्वतःला दिसत नाही, आणि स्कूटरवरून पडलात तर लोखंड सरळ मणक्यावर. शिवाय मागे बसलेल्याच्या हाताशी.

घोट्यावरचं होल्स्टर मी हौसेने मागवलं होतं. सांगताना लाज वाटते. आपल्या घरांत दारातच चपला काढायच्या असतात हे मी चाळीस वर्षं जगून विसरलो. मावशीकडे गणपतीला गेलो, ओसरीवर बूट काढायला वाकलो आणि पॅन्टची मोहरी वर गेली, समोर तिचा नातू उभा, म्हणतो आजोबा तुम्हाला पायाला काय लागलंय? क्रेप बँडेज म्हणून वेळ मारून नेली. परत त्या नातवाने ते होल्स्टर बघितलं नाही आणि मीही नाही.

खांद्याखालचं, म्हणजे काखेतलं, बंडी किंवा कोटाशिवाय निरुपयोगी. खादीच्या जाड बंडीखाली मात्र ते असं नाहीसं होतं की कमाल, आणि गाडीत तासन्‌तास बसणाऱ्याला कमरेपेक्षा हेच बरं. पण एकदा घातलं की बंडी काढता येत नाही, कोणी म्हटलं अहो काढा ना, घाम आलाय, तर काय सांगाल? थंडीत ठीक.

खिशातलं फक्त लहान वस्तूसाठी, आणि खिशातही होल्स्टर पाहिजेच, ट्रिगर झाकलेला पाहिजे, त्या खिशात किल्ली नाही, सुटे पैसे नाहीत, काही म्हणजे काही नाही. कुर्त्याच्या खिशात नुसतं टाकणारे बघितलेत मी, खिसा गुडघ्यापर्यंत लोंबतो आणि चालताना घंटेसारखा हलतो. झाकलेलं म्हणे! कमरेची छोटी बॅग किंवा छातीवरची आडवी बॅग कपड्याचा प्रश्नच मिटवते, उन्हाळ्यात टी-शर्ट घाला नाहीतर बनियन, पण ती क्षणभरही अंगावेगळी करायची नाही. चहाच्या टेबलावर काढून ठेवली की ताबा गेला, आणि बाइकवरून हिसकणाऱ्याला काय माहीत आत काय आहे, त्याला तर लॉटरीच.

कपड्यांचं म्हणाल तर लोक रंगाच्या मागे लागतात, मी कापडाच्या. मऊ, पातळ, अंगावर पडणारं कापड सगळं सांगून टाकतं, त्यात पांढरं आणि घाम आलेला म्हणजे तर काच. थोडं कडक कापड घ्या, ऑक्सफर्डसारखं, खादी, जाडसर कॉटन, ते फुगवट्यावरून सरळ खाली उतरतं, चिकटत नाही. बारीक चौकड्या किंवा छापील असेल तर नजर ठरत नाही. प्लेनवर सावली पडते. शर्ट न खोचता, सरळ काटलेल्या घेराचा, बाजूची चीर लहान, आणि टेलरला सांगा लांबी दोन इंच वाढव, त्याला कारण सांगायची गरज नाही. आत बनियन घालाच, अंगाला घासत नाही आणि घाम लोखंडावर जात नाही. कुर्ता वरून छान झाकतो पण बाजूच्या चिरा कमरेपर्यंत, थाटीपूरच्या चढावर स्कूटरला वारा लागला की कुर्ता झेंडा होतो, तेव्हा कुर्त्यावर बंडी.

आणि पट्टा! होल्स्टरवर दोन हजार घालतात आणि पट्टा तोच रस्त्यावरचा रेक्झिनचा. मऊ पट्टा वजनाने बाहेर कलंडतो, त्यासोबत मूठ कलंडते. डबल चामड्याचा कडक पट्टा घेतला तर साधं होल्स्टरसुद्धा अंगाला घट्ट बसतं. बजेट कमी असेल तर आधी पट्टा.

हात मात्र कोणतंही होल्स्टर आवरत नाही. सुरुवातीला मी दर दोन मिनिटांनी कोपराने चाचपायचो, आहे ना, आहे ना. शेवटी चहावाला म्हणाला, भाईसाब, पेट में दर्द रहता है क्या? त्याला माहीत होतं, हसत होता. ही सवय घरी मोडायची, वस्तू रिकामी करून, दोनदा तपासून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. आरशासमोर नुसतं उभं राहून उपयोग नाही. बूट घाला, काढा, माळ्यावरचा डबा काढा, मांडी घालून बसा, उठा, आणि पाया पडून बघा, कमरेतून न वाकता गुडघे मोडून. बायकोला मागून मोबाइलवर शूट करायला सांगा.

हेही लक्षात ठेवा की आचारसंहिता लागली की प्रशासन लायसन्सी हत्यारं ठाण्यात जमा करायला लावतं, पावती सांभाळा. लायसन्स कोणत्या हद्दीपुरतं आहे तेही वाचा, झाशी अडीच तासांवर आहे पण ते उत्तर प्रदेश.

भाच्याचं काय झालं, तर त्याचं काम मेडिकल एजन्सीचं, दिवसभर स्कूटर, लश्कर ते मुरार चार चकरा. मी म्हटलं आतलं घे, झुकाववालं, आणि थंडीपुरतं बाहेरचं माझं जुनं घेऊन जा. त्याला काखेतलंच पाहिजे होतं. काल आला तेव्हा शर्ट बाहेर, बारीक चौकड्यांचा, मी दोन वेळा बघितलं, काही कळलं नाही. मग मामीच्या पाया पडायला गुडघे मोडून खाली बसला, तेव्हा कळलं की कमरेला आहे.