गिनी पिगचा आहार : कोणते गवत, कोणते पेलेट आणि क जीवनसत्त्व कशातून?

गिनी पिग पाळायचे ठरले की खाद्याच्या बाबतीत पहिला प्रश्न बहुतेक वेळा पेलेटचा, म्हणजे दाबून केलेल्या गोळीवजा तयार खाद्याचा निघतो : दाण्यांचे रंगीत मिश्रण घ्यावे की एकसारखे पेलेट, आणि दिवसाला किती द्यावे. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला गवताचा आणि दुसरा क जीवनसत्त्वाचा; कारण या दोन बाबी चुकल्या तर कितीही चांगले पेलेट ती उणीव भरून काढत नाही, आणि त्या नीट सांभाळल्या तर अगदी साध्या पेलेटवरही प्राणी ठणठणीत राहतो. म्हणून पुढील तुलना त्याच क्रमाने केली आहे.

टिमथी की अल्फाल्फा?

गिनी पिगला एकूण वीस दात असतात, आणि समोरच्या पटाशीच्या दातांप्रमाणेच त्याच्या मागच्या दाढाही आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात सहज दिसतात, त्यामुळे त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष असते; खरी अडचण मात्र दाढांची होते. गवताचे लांब, चिवट धागे बराच वेळ दळले तरच त्या हव्या तेवढ्या झिजतात. चटकन चुरा होणारे खाद्यच प्रामुख्याने मिळत राहिले, तर खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढत जाऊन जिभेवर कमानीसारख्या येतात, आणि मग भूक असूनही त्या प्राण्याला घास आत घेता येत नाही. पचनाचेही तसेच आहे. तंतुमय अन्न मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागात, म्हणजे अंधनालात, सूक्ष्मजीवांच्या मदतीने आंबते. तंतू कमी पडले की तेथील समतोल बिघडतो, आतड्याची हालचाल मंदावते आणि पोटात वायू धरतो. त्यामुळे वाळलेले गवत पिंजऱ्यात रात्रंदिवस, हवे तेवढे असले पाहिजे. बाकी सर्व खाद्य मोजून द्यायचे असते, गवत नाही.

आता कोणते गवत, हे मुख्यतः वयावर ठरते. अल्फाल्फा, म्हणजेच लसूणघास, हे खरे तर गवत नसून द्विदल वनस्पती आहे. तिच्यात टिमथी या गवतापेक्षा प्रथिने बरीच अधिक असतात आणि कॅल्शियम साधारण तिप्पट असते. सुमारे सहा महिन्यांपर्यंतच्या वाढत्या पिल्लांना, तसेच गाभण आणि पाजणाऱ्या मादीला हे आधिक्य उपयोगी पडते. प्रौढ गिनी पिगला ते बाधते, कारण या प्राण्याचे आतडे गरजेपुरतेच कॅल्शियम घेऊन थांबत नाही. आहारातून येईल त्यातले बरेचसे शोषले जाते आणि जादाचे मूत्रावाटे बाहेर पडते. पिंजऱ्यातील कापडावर लघवी वाळल्यानंतर पांढरट डाग राहणे काही प्रमाणात स्वाभाविक आहे, परंतु त्या डागावर बोट फिरवल्यावर वाळूसारखी कचकच लागली तर आहारातील कॅल्शियमकडे आणि पाण्याकडे लक्ष द्यायला हवे. गिनी पिगच्या मूत्राशयात होणारे खडे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय निघत नाहीत. लघवीत रक्त दिसले किंवा लघवी करताना प्राणी कण्हू लागला, तर आहार बदलून वाट पाहण्यात अर्थ नाही, पशुवैद्याकडेच जावे.

प्रौढ प्राण्यासाठी टिमथीच हवे असा मात्र हट्ट नको. ऑर्चर्ड गवत, ओटचे गवत किंवा कुरणातील मिश्र गवत ही सर्व टिमथीच्या तोडीची आहेत, आणि पाळणाऱ्याला टिमथीची अ‍ॅलर्जी असेल तर ऑर्चर्ड गवत पुष्कळांना मानवते. एकाच गवतात कापणीनुसार पडणारा फरक हा प्रकारातील फरकापेक्षा अनेकदा मोठा असतो. पहिल्या कापणीच्या गवतात जाड काड्या आणि तंतू अधिक, दुसऱ्या कापणीत पाने आणि काड्या यांचे प्रमाण मध्यम, तर तिसरी कापणी मऊ आणि पालेदार असते. निरोगी प्रौढासाठी दुसरी कापणी सोयीची पडते. तिसरी कापणी आवडीने खाल्ली जाते, पण तिच्यात दाढा झिजवण्याची ताकद कमी असते. पिशवी उघडल्यावर गवत हिरवट दिसावे, त्याला सुकलेल्या कुरणाचा गोडसर वास यावा आणि मूठभर उचलून झटकल्यावर धुरळा उडू नये. पिवळे पडलेले गवत खाण्याजोगे असले तरी गिनी पिग ते सोडून देतो. कुबट वास येणारे तर देऊच नये. पेंढा हा पर्याय नव्हे, तो फार तर अंथरुणाला वापरावा. गवत दाबून केलेल्या गोळ्या किंवा वड्या यांतही लांब धागा उरलेला नसतो, तेव्हा त्या खाऊ म्हणून ठीक.

ताजे गवत वाळलेल्या गवतापेक्षा एका बाबतीत सरस आहे : त्यात क जीवनसत्त्व असते, जे वाळताना जवळपास नाहीसे होते. फवारणी न झालेल्या जागेचे गवत हाताने खुडून, थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून जरूर द्यावे. यंत्राने कापलेल्या हिरवळीचा ढीग मात्र देऊ नये. तो चेचला गेल्यामुळे लगेच तापून आंबू लागतो.

क जीवनसत्त्व : भाजी, गोळी की पाण्यातले थेंब?

बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करतात. गिनी पिगमध्ये त्यासाठी लागणारे शेवटचे विकर (एन्झाइम) कार्यक्षम नसते, त्यामुळे माणसाप्रमाणेच त्यालाही ते रोज अन्नातून मिळावे लागते. १९०७ मध्ये नॉर्वेतील संशोधक आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रलिश यांनी गिनी पिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला; ताजी भाजी किंवा लिंबाचा रस दिल्यावर तो टळत असल्याचेही दिसले. दाण्यांच्या मिश्रणावर गिनी पिग वाढवू पाहणाऱ्याने हा प्रयोग ध्यानात ठेवावा. निरोगी प्रौढाची गरज दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅम असते आणि वाढत्या, गाभण किंवा आजारी प्राण्याची ३० मिलिग्रॅमपर्यंत जाते. पुरवठा तुटला तर दोन ते तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात : अंगावरचे केस विस्कटलेले, सांधे सुजलेले, हलायला नाखुशी, उचलल्यावर वेदनेने ओरडणे.

पर्यायांपैकी पाण्यात टाकायचे थेंब सर्वांत सोपे वाटतात आणि मी ते सर्वांत खाली ठेवतो. पाण्यात विरघळलेले क जीवनसत्त्व प्रकाशाने आणि हवेने झपाट्याने नष्ट होते, दिवसभरात प्राणी किती पाणी प्यायला याचा नेमका अंदाज लागत नाही, आणि चव बदलल्यामुळे काही गिनी पिग पाणीच कमी पितात, म्हणजे खड्यांचा धोका वाढवून घेतल्यासारखे होते. गोळी किंवा सिरिंजने दिलेले द्रव औषध हे त्याहून कितीतरी खात्रीचे, कारण मात्रा ठाऊक असते. आजारपणात किंवा भाज्या न खाणाऱ्या प्राण्यासाठी तोच योग्य मार्ग आहे. मात्र माणसांसाठीच्या, इतर जीवनसत्त्वे मिसळलेल्या गोळ्या त्यासाठी वापरू नयेत. अ आणि ड जीवनसत्त्वांचा अतिरेक अपायकारक असतो.

निरोगी प्राण्यासाठी भाजीच उत्तम, परंतु कोणती हे पाहिले पाहिजे. शंभर ग्रॅम लाल ढोबळ्या मिरचीत साधारण १२५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, हिरव्या ढोबळ्या मिरचीत ८० च्या आसपास, कोथिंबिरीत २७, गाजरात ६ आणि काकडीत जेमतेम ३. म्हणजे एक किलो वजनाच्या गिनी पिगला लाल ढोबळ्या मिरचीची बोटभर लांबीची एक जाडसर फोड, सुमारे दहा ग्रॅम, दिवसाची किमान गरज भागवते; तीच गरज काकडीने भागवायची तर तिचा मोठा वाडगाच पुढे ठेवावा लागेल. पार्सलीचे आकडे मिरचीच्या तोडीचे आहेत, पण तिच्यात कॅल्शियमही भरपूर असते, तर ढोबळ्या मिरचीत ते नगण्य असते. केलच्या पानांनाही हाच आक्षेप लागू होतो, आणि पालकात वर ऑक्झॅलेट या क्षाराची भर पडते. या पालेभाज्या वर्ज्य नाहीत, आठवड्यातून एखाद-दोन वेळा चालतात. रोजच्या ताटात मात्र ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि गडद पानांचे लेट्यूस हे त्रिकूट अधिक निर्धोक. (हंगेरीतील सेगेड येथे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० च्या दशकात हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिळवले तेही मिरचीच्याच एका प्रकारातून, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.) एका प्रौढासाठी दिवसाला साधारण एक कप चिरलेली भाजी पुरते. कोबीवर्गातील भाज्या थोड्याच द्याव्यात, कारण काहींना त्यांनी पोट फुगते.

कांदा, लसूण, अ‍ॅव्होकॅडो, रुबार्ब, हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा, टोमॅटोची पाने व देठ, चॉकलेट, दुधाचे पदार्थ आणि कोणतेही शिजवलेले अन्न यांबाबत तुलनेला जागाच नाही. ते देऊ नये.

एकसारखे पेलेट की मिश्र खाद्य?

मिश्र खाद्याच्या वाटीजवळ पाच मिनिटे बसले तरी निर्णय होतो. गिनी पिग नाकाने वाटी ढवळतो, मक्याचे दाणे, सुकी फळे आणि रंगीत तुकडे आधी उचलतो, आणि ज्यांत तंतू व जीवनसत्त्वे घातलेली असतात ते करड्या-हिरव्या रंगाचे पेलेट तळाशी तसेच राहतात. पिशवीवर छापलेले पोषणमूल्य संपूर्ण मिश्रणाचे असते, प्राण्याच्या पोटात गेलेल्या भागाचे नव्हे. शिवाय बियांची टरफले तोंडात अडकण्याचा धोका राहतो. साध्या पेलेटमध्ये निवडीला वावच नसतो, म्हणून ते निःसंशय सरस. प्रौढासाठी टिमथीवर आधारित, पिल्लांसाठी अल्फाल्फावर आधारित घ्यावे आणि प्रौढाला दिवसाला अष्टमांश कपाहून अधिक देऊ नये. सशांचे पेलेट दिसायला तसेच असले तरी त्यांत क जीवनसत्त्व घातलेले नसते, कारण सशाला त्याची गरज नसते.

पेलेटमधील क जीवनसत्त्व साठवणुकीत घटत जाते. स्थिर स्वरूपातले असेल तर ते अधिक टिकते, पण कायम नाही. म्हणून पिशवीवर संपण्याच्या तारखेपेक्षा उत्पादनाची तारीख पाहावी, मोठी स्वस्त पिशवी घेण्याचा मोह टाळावा आणि ती अंधाऱ्या, थंड, कोरड्या जागी घट्ट बंद ठेवावी. एकट्या पेलेटवर या जीवनसत्त्वाची भिस्त ठेवणे मला पटत नाही.

फळांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. साखर अधिक असल्यामुळे सफरचंदाची बिया काढलेली पातळ फोड किंवा एखादी स्ट्रॉबेरी आठवड्यातून एक-दोन वेळा पुरे. मिठाचे चाटण अनावश्यक आहे.

पाण्यासाठी बाटली की वाडगा, यात बाटली स्वच्छ राहते आणि वाडग्यातून पिणे सहज होते. वाडगा निवडल्यास तो जड, उलटणार नाही असा असावा आणि घाण होईल तितक्या वेळा बदलावा. बाटली निवडल्यास तिच्या तोंडाची गोळी बोटाने रोज दाबून पाहावी, कारण ती अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो.

आधीपासून मिश्र खाद्यावर असलेला गिनी पिग घरी आणला असेल, तर बदल एकदम करू नये. हे प्राणी अन्नाच्या आवडीनिवडी लहानपणीच पक्क्या करतात, आणि अनोळखी पेलेटकडे कित्येकदा ढुंकूनही पाहत नाहीत. दोन आठवड्यांत जुन्याचे प्रमाण हळूहळू घटवत न्यावे, नवी भाजी एका वेळी एकच आणावी आणि स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा, बदलाच्या काळात तर रोज, वजन करावे. प्रौढाचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते, त्यामुळे पन्नास ग्रॅमची घटही दुर्लक्ष करण्याजोगी नसते. प्राण्याने खाणे पूर्ण थांबवले किंवा त्याच्या लेंड्या बंद झाल्या, तर ‘उद्या खाईल’ असे म्हणून रात्र काढू नये. त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.