पीटीच्या तासाला फ्लोअर हॉकी: जून ते फेब्रुवारी वापरलेल्या साहित्याचा अनुभव

फ्लोअर हॉकी म्हणजे फरशीवर हलक्या स्टिकने खेळायची हॉकी. पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी दोन प्रकारच्या स्टिक वर्षभर आलटूनपालटून वापरल्या. पहिला प्रकार म्हणजे प्लास्टिकच्या बारा स्टिकचा संच: सहा लाल, सहा निळ्या, सोबत एक पक (चेंडूऐवजी वापरायची चपटी चकती) आणि एक भोकांचा चेंडू. दुसरा प्रकार फ्लोअरबॉलच्या, म्हणजे भोकांच्या हलक्या चेंडूने खेळायच्या अशाच खेळाच्या, फायबर स्टिकचा. शाळेच्या तासासाठी आमचं मत प्लास्टिक संचाच्या बाजूने आहे. मात्र पक कपाटात ठेवा, चेंडू भरपूर घ्या आणि स्टिक मुलांच्या उंचीप्रमाणे कापून घ्या. या तीन गोष्टी झाल्या नाहीत तर महागडं साहित्य घेऊनही खेळ जमत नाही.

प्लास्टिक स्टिकचं ब्लेड, म्हणजे चेंडूला लागणारा खालचा चपटा भाग, सरळ असतं, त्यामुळे डावखुरं आणि उजवं मूल तीच स्टिक घेऊ शकतं. फायबर स्टिकचं ब्लेड वळलेलं असतं आणि डाव्या-उजव्या बाजूची स्टिक वेगळी मागवावी लागते. कोणत्या मुलाला कोणती लागेल हे ओळखायला त्याच्या हातात लांब दांड्याचा खराटा द्या. झाडताना जो हात खाली जाईल, त्या बाजूची स्टिक. चाळीस जणांच्या वर्गात हा हिशोब दर तासाला सांभाळणं कठीण आहे. फायबर स्टिक शाळेच्या संघातल्या दहा-बारा मुलांसाठी ठेवाव्यात. त्या मागवताना फ्लेक्सचा आकडाही बघा. 300 न्यूटन जोर दिल्यावर दांडा किती मिलिमीटर वाकतो, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा म्हणजे दांडा मऊ. मुलांच्या मनगटाला मऊ दांडाच बरा.

लांबीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. स्टिक जमिनीवर उभी धरली की वरचं टोक बेंबीपर्यंत यावं, फार तर दोन बोटं वर. पाचवीची बरीच मुलं 36 इंची स्टिकलाही थोडी बुटकी पडतात. लांब स्टिक हातात आली की मूल ताठ उभं राहतं, ब्लेडची फक्त टाच जमिनीला लागते आणि चेंडू खालून निसटतो. मग 'याला जमत नाही' असा शिक्का त्या मुलावर बसतो, दोष मात्र स्टिकचा असतो. दांड्याचं वरचं टोपण काढा, हॅकसॉने एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर कापा, कड पॉलिश पेपरने घासा आणि टोपण पुन्हा घट्ट बसवा. टोपणाशिवाय पोकळ दांडा मुलांच्या हातात कधीही देऊ नका, पडल्यावर तो पोटात किंवा छातीत रुततो. कापल्यावर दांड्यावर मार्करने क्रमांक आणि इयत्ता लिहा, म्हणजे वाटपात वेळ जात नाही.

आता पकबद्दल. गुळगुळीत लाकडी फरशीच्या बंद हॉलमध्ये तो छान घसरतो. आपल्या शाळांत शहाबादी फरशी असते किंवा सिमेंटचा कोबा. शहाबादीच्या सांध्याला पक अडखळतो, कडेवर उभा राहतो आणि चाकासारखा पळत सुटतो. जोरात मारला तर उडतो. भोकांचा चेंडू सांधे सहज ओलांडतो. फ्लोअरबॉलचा प्रमाणित चेंडू 72 मिलिमीटर व्यासाचा, 23 ग्रॅम वजनाचा आणि 26 भोकांचा असतो. एवढा हलका चेंडू पायाला लागला तरी मूल खेळत राहतं. संचातला चेंडू बहुधा जाड आणि उसळणारा असतो, म्हणून प्रमाणित चेंडू वेगळे मागवा. ते दोन अर्धांचे जोडलेले असतात आणि जोडावरच तडकतात, त्यातही कोब्यावर लवकर. तडा गेलेला चेंडू सरळ जात नाही, तो सरावातून लगेच काढा.

स्पेशल ऑलिंपिक्सने अनेक वर्षं खेळवलेल्या फ्लोअर हॉकीत बिनब्लेडची काठी आणि मधोमध भोक असलेली फेल्टची चकती असते. ते साहित्य वेगळं आहे, मागणी लिहिताना घोळ करू नका.

मोडतोड दोनच जागी दिसली. ब्लेड दांड्यात शिरतं तिथला स्क्रू ढिला होतो, ब्लेड डुगडुगतं आणि मग तिथेच चिरतं. दर पंधरवड्याला स्क्रू आवळा. दुसरी जागा ब्लेडची खालची कड, कोब्यावर ती झिजून धारदार होते. हात फिरवून बघा, खरखर लागली की पॉलिश पेपर मारा. स्टिक भिंतीला टेकवून ठेवल्या की दांडे वाकतात. आडव्या ठेवा किंवा लटकवा, उन्हात टाकू नका. पावसाळ्यात ग्रिप टेप ओली राहून सुटते, ती वाळवून पुन्हा गुंडाळता येते.

सरावाकडे येऊ. आपल्या मुलांच्या अंगात क्रिकेट मुरलेलं असतं. दोन्ही हात जवळ धरायचे आणि पाठीमागून जोरात फिरवायचं ही बॅटची सवय इथे घातक ठरते. म्हणून पहिले दोन तास चेंडू मारायलाच देऊ नका. एक हात दांड्याच्या टोकाला, दुसरा 20 ते 30 सेंटिमीटर खाली, गुडघे वाकलेले, ब्लेड पूर्ण जमिनीवर. जागेवर उभं राहून चेंडू डावीकडे-उजवीकडे हलवायचा, ब्लेडच्या दोन्ही बाजूंनी. मैदानी हॉकी खेळलेली मुलं सवयीने स्टिक उलटी करतात. इथे दोन्ही बाजू चालतात, त्यामुळे मनगट फिरवायची गरज नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागतं.

पुढे सहा कोन (प्लास्टिकचे शंकू) दीड-दीड मीटरवर लावा. कोनांमधून चेंडू नेताना समोर उभ्या जोडीदाराने बोटं दाखवायची आणि नेणाऱ्याने आकडा ओरडून सांगायचा. नजर वर आणायला याहून चांगला उपाय सापडला नाही.

पासला चार मीटर अंतर पुरे. चेंडू ब्लेडला चिकटलेला ठेवून ढकलायचा आणि शेवटी ब्लेडचं टोक जोडीदाराकडे रोखायचं. ठोकायचा नाही. 'टक' असा आवाज आला तर चुकलं, 'सर्र' आला तर बरोबर, आणि हे मुलांना स्वतःलाच ऐकू येतं. पास घेणाऱ्याने ब्लेड चेंडूवर किंचित झुकवून, चेंडूबरोबर 15-20 सेंटिमीटर मागे घ्यायचं. ब्लेड ताठ धरलं की चेंडू उसळून दूर जातो. आमच्या मते हे 'मागे घेणं' सगळ्यात उशिरा जमतं आणि त्यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

फ्लोअरबॉलच्या नियमात मारताना ब्लेडला कमरेपर्यंत मुभा आहे. वर्गात मात्र गुडघा हीच हद्द ठेवा. ब्लेड गुडघ्याच्या वर गेलं की चेंडू समोरच्या संघाला आणि त्या मुलाला एक मिनिट बाहेर. सवलत दिली नाही तर दोन आठवड्यांत स्टिक खाली येतात. चष्मा असलेल्या मुलांना मागून पट्टा हवाच. मुखवट्याशिवाय गोलकीपर उभा करू नका. त्याऐवजी 60 सेंटिमीटर अंतराचे दोन कोन हाच गोल.

सामना तीन विरुद्ध तीन. पूर्ण मैदान 40 बाय 20 मीटर आणि 50 सेंटिमीटर उंचीच्या फळ्यांचं असतं. तासाला 12 बाय 8 मीटरची जागा पुरते. वर्गातली बाकं आडवी करून, सपाट बाजू आत ठेवून कडेला लावली की चेंडू आतच राहतो आणि खेळ थांबत नाही. अशी दोन मैदानं, दोन-दोन मिनिटांचे डाव, बाकीची मुलं कोन आणि पासच्या सरावाला.

चाळीस मुलांसाठी मागणी अशी करा: प्लास्टिक स्टिक 24 (निम्म्या 36 इंची, निम्म्या 43 इंची), प्रमाणित चेंडू 30, कोन 24, दोन रंगांची प्रत्येकी 6 बिब्स (संघ ओळखायला शर्टावर चढवायच्या रंगीत बंड्या), सुटी ब्लेड 4, ग्रिप टेपचे 6 रोल. सुटी ब्लेड मिळणार नाहीत असं विक्रेता म्हणाला तर त्याच्याकडून स्टिकही घेऊ नका, कारण ब्लेड गेलं की आख्खी स्टिक बाद होते.